लाल डाँकी काँग आणि मूळ रूपाचा हट्ट

१९८१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराजवळ, टकविला इथल्या एका गोदामात ‘रडार स्कोप’ या नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमची सुमारे दोन हजार यंत्रं धूळ खात पडली होती. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या नव्या अमेरिकी शाखेनं जपानहून तीन हजार यंत्रं मागवली, ती बोटीनं येईपर्यंत खेळाची नवलाई सरली आणि त्यातली हजारभरच कशीबशी खपली. शाखा बुडायच्या बेतात होती. शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांनी क्योतोच्या मुख्य कचेरीला साकडं घातलं, की याच खोक्यांत चालेल असा दुसरा खेळ द्या. कंपनीचे सर्वेसर्वा हिरोशी यामाउची यांनी ते काम शिगेरू मियामोतो या तरुण कलाकारावर सोपवलं आणि त्यातून ‘डाँकी काँग’ जन्माला आला. नवा माल अमेरिकेत पोचल्यावर अराकावा, त्यांच्या पत्नी योको आणि मोजके सहकारी यांनी एकेक कॅबिनेट उघडलं, आतला खेळ बदलला, जुनी चित्रं काढून नवी चिकटवली. ‘रडार स्कोप’ची खोकी लाल होती, म्हणून पहिली डाँकी काँगही लाल निघाली. पुढं खास याच खेळासाठी बनलेली खोकी निळी होती. त्यामुळे लाल डाँकी काँग दुर्मीळ, आणि संग्राहकांचा त्याच्यावर डोळा असतो.

असं एखादं लाल कॅबिनेट आज कुणाच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीला आलं, तर ते कोणत्या रूपात परत न्यायचं? जुनी आर्केड यंत्रं विकत घेऊन घरी दुरुस्त करणाऱ्यांचा अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, जपानमध्ये मोठा वर्ग आहे. कारखान्यातून आत्ताच बाहेर पडल्यासारखं दिसणारं यंत्र त्यांच्यात सर्वांत मानाचं. हा निकष लाल कॅबिनेटला लावला तर डाँकी काँग काढून टाकून ‘रडार स्कोप’ बसवावा लागेल. तसं करा असं कुणीही जाणता माणूस म्हणणार नाही. म्हणजे या एका यंत्रापुरतं तरी सगळ्यांना मान्य आहे, की नंतर झालेला बदलच मोलाचा आहे. माझं म्हणणं असं, की लाल कॅबिनेट हा अपवाद नव्हेच. आर्केड यंत्र जोवर कमावतं होतं तोवर ते सतत बदलत होतं, आणि त्या बदलांचा इतिहास हाच त्या वस्तूचा इतिहास आहे. घरी होणाऱ्या जीर्णोद्धारानं यंत्र पुन्हा चालतं करावं आणि त्याच्या अंगावरच्या नोकरीच्या खुणा शक्य तेवढ्या राखाव्यात. पहिल्या दिवसाचं रूप गाठायच्या हट्टापायी त्या खुणा घासून टाकल्या, तर हाती चकचकीत खोकं उरतं आणि पुरावा जातो.

हे पटायचं तर हा धंदा कसा चालायचा ते पाहिलं पाहिजे. १९७२ मध्ये अटारी या कंपनीच्या अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी बनवलेलं ‘पाँग’चं पहिलं यंत्र कॅलिफोर्नियात सनीव्हेल इथल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये ठेवलं होतं. काही दिवसांतच ते बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहिलं तर नाण्यांचा डबा गच्च भरल्यामुळे पुढचं नाणं आत जात नव्हतं. यंत्राची लायकी त्या डब्यावरून ठरायची, हे तेव्हापासून कायम राहिलं. तोमोहिरो निशिकादो यांनी तैतोसाठी घडवलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ मध्ये आला, नाम्कोचा ‘पॅक-मॅन’ १९८० मध्ये. जानेवारी १९८२ च्या मुखपृष्ठकथेत ‘टाइम’ साप्ताहिकानं लिहिलं, की आदल्या वर्षात अमेरिकेतल्या यंत्रांत २० अब्ज क्वार्टर (पाव डॉलरची नाणी), म्हणजे ५ अब्ज डॉलर, पडले. हा पैसा गोळा करणारा माणूस म्हणजे ऑपरेटर. तो वितरकाकडून यंत्र विकत घ्यायचा, बारमध्ये, पिझ्झाच्या दुकानात किंवा नाणं टाकून कपडे धुण्याच्या दुकानात ठेवायचा, ठरल्या दिवशी डबा रिकामा करायचा आणि जागामालकाबरोबर गल्ला वाटून घ्यायचा. बिघाड झाला तर दुरुस्ती त्याच्याच गळ्यात. यंत्राचा निर्माता एकदा पैसे घेऊन मोकळा व्हायचा. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं यंत्र कोणत्या अवस्थेत जगणार हे ऑपरेटर ठरवायचा. जीर्णोद्धाराच्या चर्चेत कारखान्याचं आणि कलाकाराचं नाव निघतं, ऑपरेटरचं निघत नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

१९८२ च्या अखेरीस गल्ले घटू लागले. पुढच्या वर्षी अमेरिकेतला सगळा व्हिडिओ गेमचा धंदा गाळात गेला. नवं यंत्र घ्यायला ऑपरेटरकडे पैसा नव्हता आणि जुनं यंत्र कमवत नव्हतं. मग रूपांतराचे संच विकले जाऊ लागले. एका पेटीत नव्या खेळाचा सर्किट बोर्ड, तारांची जुडी, वरच्या दिव्याच्या पट्टीवर लावायचं नाव, बटणांच्या पॅनेलवर चिकटवायचा छापील कागद आणि बाजूंना लावायची चित्रं. ऑपरेटरनं आपल्या खोलीत बसून एका दुपारी जुना खेळ उतरवायचा आणि नवा चढवायचा. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेनं जोडणीचा एकच नमुना ठरवला. त्याला संघटनेच्या नावावरून ‘जामा’ म्हणतात: बोर्डाच्या कडेला दोन्ही बाजूंना अठ्ठावीस-अठ्ठावीस, एकूण ५६ टोकं, आणि कोणतं टोक कशासाठी ते पक्कं. त्यानंतर खेळ बदलणं म्हणजे एक बोर्ड उपसून दुसरा खोचणं एवढंच राहिलं. १९९० मध्ये एसएनकेनं निओ जिओ आणलं तेव्हा तर एकाच यंत्रात अनेक खेळांच्या कार्ट्रिज बसवायची सोय कारखान्यातूनच आली. बदलत राहणं हा या यंत्राचा धर्म होता, आणि धंदा तगला तो त्याच्याच जोरावर.

या दिवसांतून गेलेलं एखादं कॅबिनेट जवळून पाहण्यासारखं असतं. बाजूच्या फळीवर ब्रशनं ओढलेला काळा रंग, आणि दिव्याचा उजेड तिरपा पाडला की त्याखाली जुन्या स्टेन्सिलच्या रंगांच्या उंच कडा. नाण्यांच्या दारावर आडवी लोखंडी पट्टी आणि कुलपाची कडी. दार फोडून गल्ला पळवायचे प्रकार झाले, म्हणून ऑपरेटरनं नंतर ठोकलेली. पॅनेलच्या डाव्या-उजव्या कडेला सिगारेटचे तपकिरी डाग, कारण खेळणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असत आणि सिगारेट तिथंच टेकवली जाई. पॅनेलवर बुजवलेली भोकं. आधीच्या खेळाला तीन बटणं होती, नंतरच्याला दोनच लागली. बुंध्याशी फुगून पापुद्रे सुटलेला लाकडी भुशाचा बोर्ड, रोज रात्री फरशी पुसताना तिथं पाणी लागल्याचा. आणि सगळ्यांत बोलका पुरावा पिक्चर ट्यूबवर असतो. पॅक-मॅनचा चक्रव्यूह कधी हलत नाही. वर्षानुवर्षं त्याच जागी तोच उजेड पडून काचेमागचा फॉस्फरचा थर भाजला जातो, आणि यंत्र बंद असतानाही त्या भिंतींच्या रेषा दिसतात. खेळ दुसराच चालू असलेल्या कॅबिनेटमध्ये ही जाळी दिसली, की त्याचा पूर्वजन्म कळतो. हे कुठल्याही कंपनीच्या दप्तरात लिहिलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की निन्टेंडोनं स्वतः केलेला बदल वेगळा आणि कुण्या ऑपरेटरनं स्वस्तातला संच आणून केलेली मोडतोड वेगळी. पहिल्यात निर्मात्याचा अधिकार आहे, दुसऱ्यात नाही. ही रेघ सरळ वाटते, पण इतिहासात ती टिकत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या जनरल कम्प्यूटर कॉर्पोरेशन या विद्यार्थ्यांनी काढलेल्या लहानशा कंपनीनं अटारीच्या ‘मिसाइल कमांड’साठी परवानगी न घेता सुधारणा-संच विकला. अटारीनं दावा लावला, प्रकरण समझोत्यानं मिटलं. त्याच मंडळींनी पॅक-मॅनच्या बोर्डावर बसणारा ‘क्रेझी ऑटो’ नावाचा संच बनवला होता. तो घेऊन ते पॅक-मॅनची अमेरिकेतली उत्पादक मिडवे हिच्याकडे गेले, आणि मिडवेनं तोच खेळ थोडा बदलून १९८२ मध्ये ‘मिस पॅक-मॅन’ म्हणून बाजारात आणला. अमेरिकेतल्या सर्वांत जास्त खपलेल्या यंत्रांत त्याची गणना होते. त्याचं खोकं उघडलं तर आत पॅक-मॅनचाच बोर्ड असतो आणि प्रोसेसरच्या जागी पट्टीच्या केबलनं जोडलेली एक जादा पाटी. बाहेरच्यांनी केलेली ठिगळजोड अधिकृत झाली, तीही ठिगळ न लपवता. पुढं १९९२ मध्ये कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर टू’च्या चोरट्या, वेगवान आवृत्त्या जगभर पसरल्या आणि कंपनीलाही अधिक वेगाची अधिकृत आवृत्ती काढावी लागली. निर्माता आणि उपटसुंभ यांची इतकी सरमिसळ झालेल्या धंद्यात, केवळ बाहेरच्यानं केला म्हणून बदल पुसायचा, हा नियम कसा लावणार?

इमारतींच्या जीर्णोद्धारात हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक जुन्या वास्तूला तिचं परिपूर्ण रूप देऊ पाहत होते, मग ते रूप पूर्वी कधी प्रत्यक्षात असो वा नसो. इंग्लंडात विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच वृत्तीविरुद्ध. जुने थर खरवडून इमारत नवी करू नका, हा त्यांचा आग्रह. १९६४ च्या व्हेनिस सनदेनं पुढं तत्त्व घालून दिलं, की वास्तूवर प्रत्येक काळानं जे मोलाचं योगदान केलं त्याचा आदर राखावा आणि जिथं अंदाज सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबावा. या तत्त्वाची परीक्षा पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलवर झाली. एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळलेला तिथला मनोरा मध्ययुगातला नव्हता, तो व्हिओले-ल-द्यूक यांनीच १८५९ मध्ये चढवलेला होता. तरी पुन्हा बांधताना फ्रान्सनं त्यांचाच मनोरा उभा केला. भर घालणाऱ्याची भरच इतिहासाचा भाग झाली होती. लाल डाँकी काँगच्या बाबतीत हेच घडलं आहे, फक्त तिथं कुणी सनद लिहिली नाही.

मराठी वाचकाच्या मनात इथं रास्त शंका येईल. आपल्याकडे कितीतरी हेमाडपंती देवळांच्या दगडावर ऑइल पेंटचे थर चढले आहेत. तेही त्या त्या काळाचं योगदान समजून राखायचे का? नाही. तो रंग खालचं कोरीव काम झाकतो, दगडाला श्वास घेऊ देत नाही, आणि तो काढला तर खाली खरंखुरं जुनं काम शिल्लक असतं. आर्केडच्या बाजूच्या फळीलाही हीच कसोटी लागते. काळ्या रंगाखाली कारखान्यातलं चित्र धडधाकट असेल, तर वरचा थर उतरवायला माझी हरकत नाही. सौम्य द्रावण, प्लॅस्टिकची पट्टी आणि भरपूर वेळ घेऊन हे काम करणारे लोक आहेत, आणि बोटभर पट्ट्यातून पिवळ्या-निळ्या रंगाचे कोपरे उघडे पडताना जी काळजी ते घेतात ती कोणत्याही संग्रहालयाला शोभेल अशी असते. पण आधी फोटो काढावेत, आणि एका कोपऱ्यात काळ्या रंगाचा हातभर तुकडा तसाच ठेवावा.

खालचं चित्र उरलंच नसेल, तर मात्र प्रश्न पालटतो. संचातली चित्रं नीट चिकटावीत म्हणून ऑपरेटरनं पॉलिश पेपर मारून जुनं चित्र आधीच घासून टाकलेलं असलं, तर नंतर लावलेलं चित्र हेच त्या फळीवरचं सर्वांत जुनं चित्र ठरतं. अशा वेळी लांबी भरून, फळी गुळगुळीत करून, १९८० च्या चित्राची डिजिटल छपाई व्हिनाइलवर करून चिकटवली, तर तयार होतं ते आजच्या काळातलं काम. ते सुंदर असू शकतं. अटारीच्या जॉर्ज ऑपरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खोक्यांसाठी केलेली चित्रकला पुन्हा डोळ्यांसमोर यावी अशी ओढ मी समजू शकतो, कारण पडद्यावरच्या चार ठिपक्यांना त्या चित्रांनीच कथा दिली होती. पण मूळ काम स्टेन्सिलनं फवारलेलं किंवा जाळीच्या छपाईचं असे, त्याचा रंगाचा थर जाड असे, कडा किंचित सरकलेल्या असत. नवी प्रत तशी नसते. म्हणून ती लावणाऱ्यानं खोक्याच्या आत, मागच्या दाराशी, ही प्रत अमुक साली लावली असं लिहून ठेवलं पाहिजे. व्हेनिस सनदेचीही अपेक्षा आहे, की नवा जोड एकूण रूपाशी जुळावा पण जुन्यापासून ओळखू यावा.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूनं येतो. खुणाच राखायच्या तर जुने, सडके सुटे भागही राखा. मग यंत्र चालणार कसं? इथं बाहेरचं अंग आणि आतलं अंग यांत फरक करावा लागतो. आतले काही भाग झिजून संपण्यासाठीच होते आणि ऑपरेटरनंही ते वारंवार बदलले. पॅक-मॅनच्या बोर्डाचं उदाहरण घ्या. ट्रान्सफॉर्मरमधून सात व्होल्टचा एसी प्रवाह थेट बोर्डाच्या कडेच्या टोकांतून आत जातो आणि त्याचा डीसी बोर्डावरच होतो. भार त्या चार-दोन टोकांवर पडतो, ती तापतात, ऑक्साइड धरतं, त्यामुळे आणखी तापतात, आणि शेवटी जोडणी करपून काळी पडते. हे यंत्र मिळालं की ती टोकं पहिल्यांदा पाहावी लागतात. अटारीच्या यंत्रांत वीजपुरवठ्याच्या तळाशी निळ्या रंगाचा डब्याएवढा कॅपॅसिटर असतो, त्याला दुरुस्तीवाले ‘बिग ब्लू’ म्हणतात. चाळीस वर्षांत तो आतून सुकतो, व्होल्टेज लटपटतं आणि खेळ मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मॉनिटरवरचे लहान कॅपॅसिटरही असेच म्हातारे होतात. चित्र कडेनं आत ओढलं जातं, रेषा नागमोडी होतात. हे सगळे बदलायचेच. सुकलेला कॅपॅसिटर मूळचा म्हणून जपला, तर तो उद्या न मिळणाऱ्या चिपांना घेऊन जाईल. घरी काम करणाऱ्यानं एवढंच ध्यानात ठेवावं, की एकोणीस इंची रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ राहू शकतो. आपल्याकडचे टीव्ही दुरुस्तीवाले ज्याला ईएचटी म्हणायचे त्या भागापाशी, ट्यूबमधला भार आधी जमिनीला उतरवल्याशिवाय हात घालू नये, आणि हे काम शिकलेल्या माणसासमोरच पहिल्यांदा करावं.

मूळ भागांच्या भक्तीनं यंत्र कसं मरतं याचा दाखला कॅपकॉमनं १९९३ मध्ये आणलेल्या सीपीएस-२ या बोर्डांनी दिला. चोरट्या प्रती रोखण्यासाठी खेळाचा प्रोग्राम सांकेतिक केलेला होता आणि तो उलगडण्याची किल्ली एका लहान बॅटरीच्या जोरावर जिवंत राहत होती. बॅटरी संपली की किल्ली जाते, आणि खेळ कायमचा मुका होतो. या बोर्डाला हात लावू नका असं म्हणणं म्हणजे त्याच्या मरणाची तारीख ठरवणं. २००० नंतर हौशी अभ्यासकांनी हे कुलूप उघडण्याच्या वाटा शोधल्या, २००७ पर्यंत त्या संकेताचं गणितही उलगडलं, आणि मेलेले बोर्ड पुन्हा चालू झाले. ही ढवळाढवळ नसती झाली तर या यंत्रांचं जतन ही गोष्टच शक्य नव्हती.

पिक्चर ट्यूबचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण कॅपॅसिटर नवा मिळतो, ट्यूब मिळत नाही. इथं महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. औरंगाबादेत वाढलेल्या व्हिडिओकॉननं २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला होता, आणि मोठ्या प्रमाणावर ट्यूब बनवणाऱ्या जगातल्या अगदी शेवटच्या कंपन्यांत तिची गणना होते. २०१५ च्या सुमारास तेही थांबलं. आता जगात आहेत त्याच ट्यूब. मग एलसीडी का बसवू नये? ट्यूब मेली असेल आणि दुसरी मिळत नसेल, तर बसवावा. पण लाकूड न कापता, जुने कंस न काढता, पुन्हा कधी ट्यूब मिळाली तर बसेल असा. मात्र चालती ट्यूब काढून एलसीडी लावणं हे नुकसान आहे. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’मध्ये पडद्यावर ठिपक्यांची जाळी नाही, इलेक्ट्रॉनचा झोत स्वतः रेषा ओढतो आणि बंदुकीची गोळी अंधारात ठिणगीसारखी चकाकते. मिडवेनं बनवलेल्या उभ्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये मॉनिटर आत दडलेला असतो आणि त्याचं प्रतिबिंब अर्धपारदर्शक आरशातून रंगवलेल्या चंद्रभूमीवर तरंगतं. मॉनिटर एकरंगी, हिरवा नि नारिंगी दिसतो तो चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यांमुळे.

म्हणूनच तिसरा आक्षेप, की आता हे सगळे खेळ संगणकावर चालतात मग लाकडाची खोकी कशाला, मला अपुरा वाटतो. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये हे खेळ संगणकावर चालवणारा ‘मेम’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला आणि हजारो खेळांच्या चिपांमधला मजकूर नष्ट होण्याआधी उतरवून ठेवला गेला. त्या कामाचे उपकार मोठे आहेत. ईप्रॉम चिपांमधला भार दशकांनी विरत जातो, आणि मजकूर उतरवलेला नसता तर कॅबिनेटं दुरुस्त करूनही आत भरायला काही उरलं नसतं. पण ‘मेम’ बोर्डाची नोंद ठेवतो. त्याभोवतीचा आरसा, चंद्र, खेळणाऱ्याची उभं राहायची पद्धत यांची नाही. डाँकी काँगची खेळायची दांडी (जॉयस्टिक) फक्त चार दिशांना जाते. आठ दिशांची दांडी लावली की शिडी चढताना ती तिरपी अडते आणि तोच खेळ विनाकारण कठीण होतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं २०१२ मध्ये पॅक-मॅनसह चौदा व्हिडिओ गेम संग्रहात घेतले आणि ते कॅबिनेटशिवाय, साध्या भिंतीवरच्या पडद्यांवर मांडले. खेळाची रचना जुन्या आठवणींपासून सुटी करून दाखवावी असा हेतू होता. हेतू समजतो, पण पॅक-मॅन भिंतीवर जन्मला नव्हता. बारमधल्या गोंगाटात, उभ्यानं, पुढच्या नंबरासाठी पॅनेलवर दुसऱ्याचं नाणं ठेवलेलं असताना खेळायची ती गोष्ट होती.

उरतो मालकीचा आक्षेप. पैसे मी दिले, गॅरेज माझं, मी खोकं गुलाबी रंगवीन. कायद्यानं यात चूक काहीच नाही. कित्येकांनी चालत्या यंत्राचं आतडं काढून त्यात साठ खेळ एकत्र असलेला स्वस्त बोर्ड बसवला आहे. रिकामं खोकं मिळालेल्यानं असं केलं तर मी त्याला दोष देणार नाही, कारण खोकं भंगारात जाण्यापेक्षा ते बरं. पण चालता मूळ बोर्ड काढून फेकणाऱ्याला दोष द्यावाच लागेल. या यंत्रांचं जतन मुख्यतः घरांत झालं आहे, आणि ती जबाबदारी मालकीबरोबर येते. रॉचेस्टरचं स्ट्राँग संग्रहालय, न्यू हॅम्पशरमधल्या फनस्पॉटचं आर्केड संग्रहालय अशा संस्था मोलाचं काम करतात, पण त्यांच्या दालनांत मावतील तेवढीच यंत्रं तिथं आहेत. वेल्सच्या किनाऱ्यावर रुतून बसलेल्या ‘ड्यूक ऑफ लँकेस्टर’ जहाजावर १९८० च्या दशकापासून अडकून पडलेली डझनावारी यंत्रं हौशी संग्राहकांनीच खाली उतरवली. कंपन्यांनी आपली यंत्रं जपली नाहीत, ऑपरेटरनं ती मोडेपर्यंत वापरली, आणि मधल्या काळात ज्यांनी गोठ्यातून, तळघरातून ती उचलून आणली त्यांच्याकडेच आज या धंद्याचं दप्तर आहे.

हे सगळं आपल्याकडेही घडलं आहे, आणि आपलं दप्तर त्याहून वाईट अवस्थेत आहे. १९९० च्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत व्हिडिओ गेमची पार्लरं होती. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हा खेळ त्यातल्या एका पात्रामुळे इथं सगळ्यांना ‘मुस्तफा’ म्हणूनच ठाऊक आहे. परदेशातून आख्खं यंत्र मागवण्यापेक्षा बोर्ड आणून खोकं इथल्या सुताराकडून प्लायवूडचं बांधून घेणं स्वस्त पडायचं. त्या खोक्यांवर ना कारखान्याचा क्रमांक, ना मूळ चित्र. गाठायला पहिल्या दिवसाचं रूपच नाही. जे आहे ते सुताराचं माप, सनमायकाचा रंग, पार्लरवाल्यानं लावलेलं कुलूप आणि रंगाऱ्यानं हातानं काढलेलं नाव. जागा रिकामी करायची म्हणून अशी खोकी भंगारात गेली आणि अजून जात आहेत. तुमच्या ओळखीत कुणाच्या माळ्यावर, बंद दुकानात असं खोकं असेल, तर त्याला पॉलिश पेपर लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. ते कुठल्या गावात, कुठल्या साली, कुणाच्या दुकानात चाललं हे मालकाला विचारून कागदावर लिहा. काढलेला प्रत्येक सुटा भाग पिशवीत घालून तो कागद आणि ती पिशवी खोक्याच्या आतच ठेवा. रंग नंतरही देता येईल.